एका हिरव्या कंदिलाचे दोन जन्म

अमेरिकी कॉमिक्समधला ग्रीन लँटर्न दोनदा जन्माला आला आहे, आणि जादूची शक्ती व कॉस्मिक शक्ती यांच्यातला फरक समजून घ्यायचा असेल तर माझ्या मते या दोन जन्मांपासूनच सुरुवात करावी.

पहिला जन्म जुलै १९४०चा. 'ऑल-अमेरिकन कॉमिक्स'च्या सोळाव्या अंकात मार्टिन नोडेल आणि बिल फिंगर यांनी ॲलन स्कॉट नावाचा तरुण रेल्वे अभियंता उभा केला. प्राचीन चीनमध्ये एक हिरवी उल्का कोसळते, तिच्या धातूपासून एक कारागीर दिवा घडवतो आणि त्या दिव्यातली ज्योत माणसांशी बोलते. आपण तीनदा पेटणार आहोत, असे ती सांगते: एकदा मृत्यू देण्यासाठी, एकदा जीवन देण्यासाठी आणि एकदा सामर्थ्य देण्यासाठी. शतकानुशतके हातोहात फिरत तो दिवा रेल्वेच्या कंदिलाचे रूप घेतो, घातपाताने पूल कोसळतो, त्या अपघातातून एकटा ॲलन वाचतो आणि ज्योतीच्या सांगण्यावरून कंदिलाच्याच धातूची अंगठी करून बोटात घालतो. ही अंगठी लाकडापुढे मात्र हतबल ठरते. असे का, याचे भौतिकशास्त्रीय कारण त्या कथेत कोणी विचारत नाही, कारण लोककथेतल्या वरदानाला जशी एखादी अट चिकटलेली असते तशीच ही अट आहे.

दुसरा जन्म १९५९चा. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ विज्ञानकथांच्या जगातून आलेले होते. जुन्या सुपरहिरोंना नव्या काळात आणायचे त्यांनी ठरवले आणि 'शोकेस'च्या बाविसाव्या अंकात जॉन ब्रूम व गिल केन यांनी हॅल जॉर्डन हा चाचणी वैमानिक आणला. नाव तेच, अंगठी तीच, कंदीलही तोच; बोलणारी ज्योत मात्र गेली. तिच्या जागी पृथ्वीवर कोसळलेले एक परग्रहावरचे यान आले, त्यात अंगठीचा आधीचा धारक ॲबिन सूर मरणासन्न अवस्थेत आला आणि पुढच्या काळात ओआ ग्रहावरचे 'गार्डियन्स ऑफ द युनिव्हर्स' आले, ज्यांनी सारे विश्व विभागांत वाटून प्रत्येक विभागावर एकेक रक्षक नेमला आहे. हॅलची निवड होते ती तो निर्भय आणि सचोटीचा आहे म्हणून. त्याला मिळालेली शक्ती म्हणजे एका विराट व्यवस्थेतली नेमणूक आहे. त्या नेमणुकीला वरिष्ठ आहेत, नियम आहेत, आणि कर्तव्यात चुकल्यास ती काढूनही घेतली जाऊ शकते.

पुढे १९७८-७९च्या सुमारास डीसी या ग्रीन लँटर्नच्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांनी या दोन्ही जन्मांची सांगड घातली, आणि ती ज्या रीतीने घातली ती मला अतिशय बोलकी वाटते. विश्वात इतस्ततः पसरलेली जादू अनियंत्रित आहे, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, असे ठरवून गार्डियन्सनी ती गोळा केली आणि एका ताऱ्याच्या अंतरंगात कोंडली, असे सांगण्यात आले. त्या 'स्टारहार्ट'मध्ये कालांतराने जाणीव जागी झाली आणि तिचाच एक तुकडा उल्का होऊन चीनमध्ये पडला. म्हणजे कॉस्मिक शक्तीच्या कारभाऱ्यांनी जादूला विश्वातून हद्दपार करू पाहिले आणि तीच जादू मागच्या दाराने एका रेल्वे अभियंत्याच्या हाती लागली. दोन्ही शक्ती हिरव्याच दिसतात, दोन्हींतून हवे ते आकार घडवता येतात, तरीही त्या एक नाहीत हे या कथेने मान्य केले.

मग फरक नेमका कोठे आहे? वाचकांच्या चर्चांत बहुधा तीव्रतेचे उत्तर मिळते: कॉस्मिक म्हणजे अधिक शक्तिशाली, जादू त्यामानाने कमी. हे उत्तर टिकत नाही. जादूच्या एका उच्चाराने सारे जग पालटल्याची उदाहरणे आहेत आणि कॉस्मिक शक्ती असलेले वीर साध्या तुरुंगात अडकल्याचीही आहेत. दुसरे उत्तर उगमाचे: जादू अलौकिक, तर कॉस्मिक शक्ती वैज्ञानिक. पण गॅलॅक्टसला वैज्ञानिक कोणत्या अर्थाने म्हणायचे? आपल्या विश्वाच्या आधीच्या विश्वातून तो वाचलेला आहे, ग्रह गिळून तो जगतो, आणि त्याच्या यंत्रांचे स्पष्टीकरण कोणत्याही अंकाने प्रामाणिकपणे दिलेले नाही. पुरेसे प्रगत तंत्रज्ञान जादूहून वेगळे ओळखता येत नाही, हे आर्थर सी. क्लार्क यांचे म्हणणे येथे हटकून पुढे केले जाते. बाहेरून बघणाऱ्यापुरते ते खरेच आहे. कथेच्या आत उभ्या असलेल्या माणसाला मात्र हा फरक पावलोपावली जाणवत असतो.

माझे म्हणणे असे की जादू हा व्यवहार आहे आणि कॉस्मिक शक्ती ही अवस्था आहे. जादूगार कोणाला तरी हाक मारतो, कोणाकडून तरी काही मागून घेतो आणि त्याचे ऋण त्याच्या खात्यावर चढते. कॉस्मिक शक्ती ज्याला मिळते तो स्वतःच बदलतो. तो विश्वाच्या यंत्रणेचा एक भाग होतो आणि मग त्याला कोणाला हाक मारावी लागत नाही. हॅल जॉर्डन अंगठी काढली की पुन्हा माणूसच असतो, त्यामुळे तो या व्याख्येत अर्धाच बसतो. पण अंगठीसोबत त्याच्याकडे आलेली एका अख्ख्या विभागाची जबाबदारी अंगठी काढल्यावरही त्याच्याच माथी राहते.

जादूच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष डॉक्टर स्ट्रेंजची. स्टीव्ह डिट्को आणि स्टॅन ली यांचा हा नायक जुलै १९६३च्या 'स्ट्रेंज टेल्स'च्या ११०व्या अंकात प्रथम आला. गर्विष्ठ शल्यविशारद, मोटार अपघातात निकामी झालेले हात, आणि उपचाराच्या शोधात तिबेटमध्ये एका वृद्ध गुरूपाशी झालेले आगमन, ही कथा चित्रपटांमुळे आता सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मंत्रांची घडण मात्र नीट ऐकली पाहिजे. सायटोरॅकचे किरमिजी पाश, वाटूमचे वारे, फॅल्टाइनच्या ज्वाळा, विशांतीची कृपा: जवळजवळ प्रत्येक मंत्रात षष्ठी विभक्ती आहे. पाश स्ट्रेंजचे नाहीत, ते सायटोरॅकचे आहेत आणि त्याने ते वापरायला दिले आहेत. स्ट्रेंजच्या प्रकाशनसंस्थेने म्हणजे मार्वलने काढलेल्या अधिकृत माहितीपुस्तिकांनी जादूचे तीन स्रोत सांगितले आहेत: साधकाचे स्वतःचे मन व आत्मबल, आपल्या विश्वात पसरलेली ऊर्जा, आणि अन्य मितींमधल्या सत्तांकडून मागून घेतलेले सामर्थ्य. मोठी कामे बहुतेक वेळा या तिसऱ्या मार्गाने होतात, आणि तिथे देणारा नकारही देऊ शकतो. १९९०च्या दशकात विशांती या अशाच सत्तांनी आपल्या युद्धात लढायला बोलावले असता स्ट्रेंजने पृथ्वी सोडण्यास नकार दिला आणि त्यांचे पाठबळ गमावले. शत्रूने त्याची शक्ती हिरावली नव्हती, देणाऱ्यांनीच हात आखडता घेतला होता.

महाभारत वाचलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. अस्त्राला मंत्र असतो, मंत्राला देवता असते, ते देणारा गुरू असतो. आणि परशुरामांशी खोटे बोलून विद्या मिळवलेल्या कर्णाला ऐन प्रसंगी ब्रह्मास्त्र आठवत नाही. कर्णाचे बळ त्या क्षणी कमी झालेले नसते, ज्या नात्यातून ती विद्या आली ते नाते दूषित झालेले असते. जादूच्या उत्तम कॉमिक्समध्ये शोकांतिका नेमकी येथूनच येते. डीसीचा जादूगार जॉन कॉन्स्टंटाइन १९८५मध्ये 'स्वॅम्प थिंग'च्या पानांत आला तेव्हापासून त्याच्या बहुतेक कथा थकलेल्या ऋणाच्याच आहेत, आणि ते ऋण पुष्कळदा त्याचे मित्र आपल्या प्राणांनी फेडतात. २०१५मध्ये जेसन आरोन आणि ख्रिस बाकालो यांनी स्ट्रेंजच्या बाबतीत हीच गोष्ट शरीरापर्यंत आणली. वर्षानुवर्षांच्या मंत्रांमुळे त्याच्या पोटाला साधे अन्न चालेनासे झाले आहे आणि त्याचा सेवक व सोबती वोंग त्याच्यासाठी किळसवाणे पदार्थ शिजवतो. त्याच मालिकेत एम्पिरिकुल नावाची विज्ञानाने कडवी झालेली फौज मितीमागून मिती जादूमुक्त करत येते, तेव्हा मला डीसीच्या गार्डियन्सची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

आता सिल्व्हर सर्फरकडे वळू. १९६६च्या 'फॅन्टास्टिक फोर'च्या ४८ ते ५० या तीन अंकांत जॅक कर्बी यांनी गॅलॅक्टस रेखाटला आणि कथेच्या आराखड्यात नसलेला एक चंदेरी अग्रदूत आपणहून त्यात घातला, कारण एवढ्या प्रचंड सत्तेच्या पुढे कोणीतरी दूत हवाच असे त्यांना वाटले. नंतर उलगडले की हा झेन-ला ग्रहावरचा नॉरिन रॅड आहे आणि आपला ग्रह वाचवण्यासाठी त्याने ही चाकरी पत्करली आहे. येथेही सौदा झाला, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण तो सौदा एकदाच झाला. त्यानंतर नॉरिनला दरवेळी गॅलॅक्टसची आळवणी करावी लागत नाही. त्याची त्वचा बदलली, भूक, तहान आणि श्वास यांची गरज संपली, तारकांची ऊर्जा त्याच्यातून वाहू लागली. तो गॅलॅक्टसवर उलटतो तेव्हा गॅलॅक्टस त्याचा अंतराळसंचार बंद करून त्याला पृथ्वीवर डांबतो, पण त्याला पुन्हा नॉरिन करत नाही. स्ट्रेंजचे हात मात्र त्या अपघातानंतर अधूच राहिले. एवढी जादू कमावूनही ज्याचे हात थरथरतात तो माणूस, आणि ज्याला आता हात थरथरणे म्हणजे काय हेच आठवावे लागेल तो सर्फर, या दोघांतले अंतर मला शक्तींच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक सांगते.

चित्रांतही हा फरक उतरला आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. डिट्को जादू काढतात ती हातांतून. तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली बोटे दुमडलेली, मनगट वळलेले. शक्ती कोठून निघते आणि कोणावर जाते हे प्रत्येक चौकटीत दिसते. त्यांच्या अन्य मितींमध्ये अधांतरी वाटा आहेत, कशालाच न टेकलेली दारे आहेत, उघडे जबडे आहेत, म्हणजे प्रवेश करता येईल अशा जागा आहेत. कर्बींची कॉस्मिक ऊर्जा मात्र काळ्या ठिपक्यांच्या पुंजक्यांनी भरलेली असते, ज्यांना वाचक आज कर्बी क्रॅकल म्हणून ओळखतात. त्या ठिपक्यांना दिशा नसते, बोट नसते, कर्ता नसतो. पान उकळत असल्यासारखे ते सगळीकडे पसरतात आणि त्यांच्यासमोर माणसाची आकृती इवलीशी होते. छापील रंगांच्या स्वस्त कागदावर या दोन चित्रकारांनी जो भेद डोळ्यांना शिकवला तो पुढच्या लेखकांनी शब्दांत फार थोड्या वेळा इतका स्वच्छ मांडला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मार्वलच्या कॉस्मिक सत्तांपैकी सर्वांत थोर मानल्या गेलेल्या दोघांचा जन्म जादूगाराच्याच मालिकेत झाला. इटर्निटी ही साक्षात विश्वाची मूर्ती १९६५मध्ये 'स्ट्रेंज टेल्स'च्या १३८व्या अंकात आली आणि लिव्हिंग ट्रायब्युनल १९६७मध्ये १५७व्या अंकात. डिट्कोंनी इटर्निटी काढली ती मानवी बाह्यरेषेच्या आत तारे आणि ग्रह भरून. गीतेच्या अकराव्या अध्यायाशी परिचय असलेल्या वाचकाला ती पाहून वेगळे काही सुचणे कठीण आहे. अन्य मितीतला बलाढ्य शत्रू डॉर्मामू याच्या भीतीने पळणारा स्ट्रेंज कित्येक अंक या एका नावाचा शोध घेत असतो आणि अखेर समोर उभा राहून अधिक सामर्थ्य मागतो. इटर्निटी ते देत नाही. तुझ्यापाशी असलेले शहाणपण पुरेसे आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. जादूगाराने आपल्या सवयीप्रमाणे मागणी केली, पण समोर व्यवहार करणारी सत्ताच नव्हती. पुढे डॉर्मामू थेट इटर्निटीवर चालून जातो तेव्हा काय होते ते डिट्कोंच्या शेवटच्या म्हणजे १४६व्या अंकात पाहावे.

सुपरमॅनबद्दलचा एक गैरसमज या ओघातच दूर करतो. जादू ही क्रिप्टोनाइटसारखी त्याची दुर्बलता आहे असे सर्रास म्हटले जाते. खरे तर जादूने तो आजारी पडत नाही. जादूपासून त्याला कोणतेही खास संरक्षण नाही, इतकेच. त्याचे शरीर पिवळ्या सूर्याच्या प्रकाशावर चालते आणि तोफगोळे अडवते, पण कोणी त्याला उद्देशून शब्द उच्चारला तर त्या शब्दापुढे तो तुमच्याआमच्याइतकाच उघडा असतो. फॅन्टास्टिक फोर या चौघांना शक्ती देणारे कॉस्मिक किरणही मी या चर्चेत धरत नाही. व्हिक्टर हेस यांनी १९१२मध्ये बलूनमधून शोधलेले आणि पुढे होमी भाभांच्या संशोधनाचा विषय झालेले हे किरण त्या कथेत अपघाताचे निमित्त आहेत. त्या चौघांचा नेता रीड रिचर्ड्स याचे ताणले जाणारे शरीर विश्वाच्या कारभारात कोणतेही पद भूषवत नाही.

एक्स-मेनच्या जगातल्या दोन विनाशांची तुलना केली तर माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९८०च्या डार्क फिनिक्स कथेत ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांची, फिनिक्स ही कॉस्मिक शक्ती लाभलेली जीन ग्रे भुकेपोटी एक तारा गिळते आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव नष्ट होतात. ती त्यांचा द्वेष करत नसते, त्यांच्याकडे पाहतही नसते. याउलट २००५च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये वांडा मॅक्सिमॉफ बापाला उद्देशून तीन शब्द उच्चारते आणि जगातले जवळजवळ सारे म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेले लोक, आपली शक्ती गमावतात. वांडाच्या कृत्यात दुःख आहे, संबोधन आहे, तिच्या वाक्याचा अर्थ आहे. जीनच्या कृत्यात भूक आहे. वांडा प्रथम १९६४मध्ये आली ती साधी म्युटंट म्हणून. जादूशी तिचे नाते लेखकांनी पुढे टप्प्याटप्प्याने जोडले. तरीही तिने जे केले ते जादूच आहे असे मी म्हणेन, कारण ते वाक्याने घडले. जीनच्या अपराधाची शिक्षा काय असावी यावर मार्वलच्या कचेरीत वाद झाला, संपादक जिम शूटर यांनी तिला सहज सुटू देण्यास नकार दिला आणि १३७व्या अंकात जीनने प्राण दिले. शूटर यांचा आग्रह मला योग्य वाटतो. पण हेही दिसते की कॉस्मिक शक्ती आपली किंमत आपणहून मागत नाही. ती कोणीतरी बाहेरून वसूल करावी लागते.

मार्वलचा मेघगर्जनेचा देव थोर या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. त्याच्या हातोड्यावर त्याचा पिता ओडिन याचा शब्द कोरलेला आहे, म्हणजे अट आहे आणि अट म्हणजे जादू. त्याच वेळी तो आकाशगंगा पालथ्या घालतो. चित्रपटांनी अस्गार्ड या त्याच्या देवलोकात विज्ञान आणि जादू एकच असल्याचे सांगून हा प्रश्न मिटवला. मला ती सोयीची पळवाट वाटते.

या दोन शक्ती समोरासमोर आल्याचा मला सर्वाधिक प्रिय प्रसंग १९८२मधला आहे. जॉन बर्न यांच्या 'फॅन्टास्टिक फोर'च्या २४३व्या अंकात उपासमारीने क्षीण झालेला गॅलॅक्टस न्यू यॉर्कमध्ये उभा आहे आणि सगळे वीर त्याच्यावर तुटून पडले आहेत. डॉक्टर स्ट्रेंज येतो, पण ऊर्जेचा झोत सोडत नाही. इकॉनच्या प्रतिमांचे आवाहन करून तो गॅलॅक्टसला त्याने गिळलेल्या जगांमधली मृत माणसे दाखवतो. मुठींनी आणि ज्वाळांनी जे साधले नव्हते ते त्या मृतांच्या दर्शनाने साधते आणि गॅलॅक्टस कोसळतो. कॉस्मिक अवस्थेत असलेल्याला क्षणभर व्यवहारात ओढणे, त्याच्या नावावर काय थकले आहे ते त्याच्यासमोर मांडणे, हे काम जादूच करू शकत होती.

पुढच्याच अंकात रीड रिचर्ड्स मरणासन्न गॅलॅक्टसला वाचवतो, आणि त्याबद्दल १९८४मध्ये २६२व्या अंकात त्याच्यावर खटला चालतो. फिर्यादी आहेत उद्ध्वस्त ग्रहांचे वाचलेले लोक. शेवटी स्वतः इटर्निटी तेथे प्रकट होते आणि उपस्थित सर्वांना काही क्षण विश्वाशी एकरूप करते. गॅलॅक्टसचे असणे आवश्यक आहे हे त्यांना आतून पटते आणि रीड निर्दोष सुटतो. बर्न यांची रेखाटने तेथे अप्रतिम आहेत, परंतु हा निकाल मला कधीच मान्य झाला नाही. आपल्या माणसांच्या मृत्यूचा जाब विचारायला आलेल्या लोकांना तेथे कोणी उत्तर दिले नाही. त्यांना प्रश्न विचारावासा वाटणार नाही अशा अवस्थेत नेले गेले. स्ट्रेंजने दोन वर्षांपूर्वी ज्या मृतांना गॅलॅक्टसपुढे उभे केले होते, त्यांना त्या न्यायालयात कोणीही बोलावले नाही.